हद्दीपलीकडचं पेट्रोल

मोखाड्याला पेट्रोल चाळीस पैशांनी स्वस्त आहे, ही बातमी मधुकरराव वेखंड्यांना त्यांच्या मेहुण्याने दिली. मेहुण्याची कुठलीही बातमी तपासल्याशिवाय खरी मानायची नाही, हा मधुकररावांचा जुना बाणा. म्हणून दुसऱ्याच दिवशी सकाळी स्कूटर काढून ते जव्हारहून मोखाड्याला गेले. भाव तिथेही जव्हारइतकाच निघाला. मेहुण्याने कालचा भाव सांगितला होता आणि पेट्रोलचा भाव रोज सकाळी सहाला बदलतो, एवढी साधी गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर झाले, एक लिटर जळलं आणि वर मेहुण्याच्या घरी दोन वाट्या गवारीची भाजी खावी लागली.

दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. पण मधुकरराव सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. अडतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एक कागद टाचणीशिवाय पुढे गेला नव्हता. सगळं जव्हार त्यांना भाऊसाहेब म्हणायचं. निवृत्तीनंतर करण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि घरातल्या डब्यांना अनुक्रमांक देऊन झाले होते.

"झालं समाधान?" शांताबाईंनी विचारलं.

"चौकशी प्राथमिक अवस्थेत आहे," मधुकरराव म्हणाले.

चौकशीला खरं वळण दिलं ते पराग मेडिकलवाल्याने. मधुकरराव राहत त्या गुरुकृपा सोसायटीच्या तळमजल्यावर त्याचं औषधांचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की तो काउंटरवर कोपर टेकून जगाला सल्ले द्यायचा, आणि गिऱ्हाईक असलं तरी द्यायचा.

"भाऊसाहेब, चाळीस पैसे काय शोधताय? राज्याच्या हद्दीपलीकडे जा ना. तिकडे कर कमी, लिटरमागे अकरा रुपये स्वस्त!"

"मग लोक जात का नाहीत?"

"जाणार कसे? पस्तीस-चाळीस किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. वाचलेलं सगळं वाटेतच जळतं. गणित बसत नाही, भाऊसाहेब. सोडून द्या. हे आपलं काम नाही."

मधुकररावांना पेट्रोलचं काही वाटलं नाही. त्यांना लागलं ते 'हे आपलं काम नाही' हे. अडतीस वर्षं हे वाक्य ते स्वतः लोकांना ऐकवत आले होते. ते आपल्याला ऐकवलं जाईल, अशी त्यांनी कल्पनाच केली नव्हती.

सोसायटीत विषय निघाला आणि सल्ल्यांना ऊत आला. कोणी म्हणालं, वीस लिटरचे कॅन न्या. ज्वालाग्राही पदार्थ कॅनमधून नेणं बेकायदा आहे, हे मधुकररावांनी नियमासकट सांगितलं. कोणी म्हणालं, टाकी रिकामी करून जा म्हणजे जास्त मावेल. ऋत्विक बँकेत होता आणि त्याच्याकडे मोठी मोटारसायकल होती. तो म्हणाला, सगळ्यांनी मिळून जाऊ, वाटेत धबधबा बघू. शिकवण्या घेणाऱ्या समृद्धीताईंनी मोबाइलवर 'पेट्रोल मंडळ' नावाचा ग्रुप काढला. दोन दिवसांत त्यावर पेट्रोल सोडून सगळं येऊ लागलं: सुप्रभात, गुडघेदुखीवरचे उपाय आणि कोणाच्या तरी भाच्याचा मुंजीतला फोटो.

मार्ग सापडला तो आठवडी बाजाराच्या दिवशी. मधुकरराव भाजीची पिशवी घेऊन उभे असताना समोरून लाडक्याचा छोटा टेम्पो गेला आणि मागे हौद्यात एक म्हैस उभी होती. म्हैस अगदी शांत होती. तिला बाजाराला जायचं होतं, पण चालावं लागत नव्हतं.

मधुकररावांच्या हातातली पिशवी तशीच राहिली. गाड्यांनी पेट्रोल जाळत कशाला जायचं? गाड्यांना म्हशीसारखं न्यायचं!

लाडक्या सोमवारी हद्दीपलीकडच्या गॅरेजात टेम्पोचे पाटे बदलायला रिकामाच चालला होता. "तीनशे द्या काका, चहापानी धरून. गाड्या काय, हत्ती नेतू," तो म्हणाला. मधुकररावांनी कागद घेतला. सहा स्कूटरी आणि ऋत्विकची मोटारसायकल मिळून बेचाळीस लिटर, बचत चारशे बासष्ट, वजा लाडक्याचे तीनशे, भागिले सात. माणशी तेवीस रुपये चौदा पैसे निव्वळ फायदा. हा आकडा त्यांनी ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा पाऊस पडला. परागने मात्र स्वतःची स्कूटर द्यायला साफ नकार दिला.

"तेवीस रुपयांसाठी गाडीला टेम्पोतून मिरवायची? माझी गाडी काय नवरी आहे?"

"चौदा पैसे विसरलास," मधुकरराव म्हणाले.

सोमवारी सकाळी सात गाड्या हौद्यात दोरांनी आवळून उभ्या राहिल्या. मधुकररावांची जुनी स्कूटर सगळ्यात आत केबिनला टेकून होती, कारण शिस्तीचा माणूस आपली गाडी आधी आणतो. सगळ्यात शेवटी, मागच्या फाळक्याजवळ, समृद्धीताईंची गुलाबी स्कूटी होती, कारण त्या वेणी घालत बसल्या होत्या. मधुकररावांच्या मांडीवर एक फाइल होती. तीत सातही गाड्यांची कागदपत्रं, प्रत्येकाच्या संमतीचा अर्ज आणि वर अनुक्रमणिका होती. शांताबाईंनी डबा दिला आणि एवढंच विचारलं, "अहो, ह्या वयात दुसऱ्याच्या सात गाड्या अंगावर घेताय. एखादीला ओरखडा आला तर?"

"पंचनामा करू," मधुकरराव म्हणाले आणि टेम्पोत चढले.

हद्दीच्या नाक्यापर्यंत सगळं कागदाबरहुकूम झालं. नाक्यावर हवालदारांनी हात केला. एक म्हातारा, एक ड्रायव्हर आणि निरनिराळ्या मालकांच्या सात दुचाक्या. हवालदारांच्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्रातली बातमी छापूनच आली असावी.

"कुठून उचलल्या?"

मधुकररावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी फाइल उघडून पुढे केली. हवालदारांनी अनुक्रमणिका पाहिली, पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. आयुष्यात इतकी नीट फाइल त्यांच्या हातात आली नव्हती, आणि त्यामुळे त्यांचा संशय वाढला.

"एवढे कागद खऱ्या माणसाकडं नसतात," ते पुटपुटले आणि बारकाईने वाचायला लागले. शेवटी त्यांना हवं ते सापडलं. "ही जुनी स्कूटर कोणाची? हिची पी.यू.सी. संपलीय. बारा दिवस झाले."

ती स्कूटर मधुकररावांची होती. गेले चार दिवस त्यांनी ग्रुपवर सगळ्यांना पी.यू.सी.वरून फैलावर घेतलं होतं. लाडक्या दुसरीकडे बघून खोकला.

"परंतु," मधुकररावांनी घसा साफ केला, "सदर वाहन रस्त्यावर चालत नाही. ते टेम्पोत उभं आहे. इंजिन बंद आहे. त्यातून धूर निघायचा प्रश्न येत नाही. म्हणजे आत्ता ते वाहन नसून सामान आहे."

हवालदारांनी टोपी मागे सारली. "सामान आहे? मग सामानाचं चलन दाखवा. माल कुणाचा, कुणाला चालला, किंमत किती."

"माल नाही. वाहनं आहेत."

"वाहनं असतील तर पी.यू.सी. दाखवा."

असा वाद अर्धा तास चालला. मधुकररावांना, खरं सांगायचं तर, निवृत्तीनंतर इतकं बरं प्रथमच वाटत होतं. दोघंही नियमाला धरून होते, दोघंही मागे हटत नव्हते. मागे चार ट्रक भोंगे वाजवायला लागले तेव्हा हवालदारांनीच मधला मार्ग काढला. पंपाच्या शेजारी धूर तपासणारी गाडी उभी असते, तिथून पी.यू.सी. काढून परतताना दाखवायची. "आणि साहेब," त्यांनी फाइल परत देत विचारलं, "ही अनुक्रमणिका तुम्ही हातानं केली? आमच्याकडं पण एक बदलीचा अर्ज अडकलाय..." मधुकररावांनी दहा मिनिटांत त्यांना अर्जाचा मसुदा लिहून दिला.

पंपावरचा माणूस टेम्पोकडे पाहून हसलाच. "काका, ऊपर नहीं भरता. गाडी नीचे उतारो." नियम नियमच. गाड्या जमिनीवर हव्या. मग दोन हमाल शोधले, फळी शोधली, सात गाड्या उतरवल्या, भरल्या, पुन्हा चढवल्या. हमालांनी दोनशे घेतले. मधुकररावांनी फाइलच्या मागच्या पानावर आकडेमोड केली आणि ते पान मुडपून ठेवलं. फायदा संपला होता. माणशी पाच रुपये त्रेचाळीस पैसे तोटा सुरू झाला होता.

"काका, थांबायचा का?" लाडक्याने विचारलं.

"थांबायचं काय त्यात? पहिल्या खेपेला तोटा येतोच. पुढच्या खेपेला हमाल जव्हारहून न्यायचे." मधुकररावांनी फाइल बंद केली. पराग काउंटरवर कोपर टेकून बसलेला त्यांना चाळीस किलोमीटरवरून दिसत होता.

परतीच्या वाटेवर, जव्हार अठरा किलोमीटर राहिलं असताना, टेम्पो थांबला. पुलाचं काम चालू होतं म्हणून बाजूने मातीचा कच्चा रस्ता काढलेला होता. सकाळी ते त्यावरूनच गेले होते. आता त्या कच्च्या रस्त्याच्या मधोमध खडीचा एक ट्रक चाकं रुतून आडवा झाला होता. ट्रकच्या बाजूने एक माणूस किंवा एक दुचाकी जाईल एवढीच जागा होती. ट्रक काढायला यंत्र येणार होतं. कधी, ते कोणालाच माहीत नव्हतं.

"म्हणजे," मधुकरराव सावकाश म्हणाले, "आपल्याकडे भरल्या टाकीच्या सात गाड्या आहेत आणि आपण पुढे जाऊ शकत नाही."

"व्हय काका," लाडक्या म्हणाला, "पेट्रोल हाय बक्कळ. पन टेम्पो डिझेलवर चालतो."

पुलाच्या अलीकडे एका आंब्याखाली सहा माणसं बसली होती. ती जव्हारच्या बसची वाट पाहत होती, आणि बस पलीकडच्या बाजूने ट्रक पाहून परत फिरली होती. त्यांतली एक पन्नाशीची बाई उठून आली. धोंडीबाई तिचं नाव. कमरेच्या पिशवीतून तिने घडी घातलेला कागद काढला. चष्म्याचा माणूस दिसला की कागद दाखवावा, ही सवय असावी.

"दादा, हा वाचून सांग जरा. तीन वाजता लिवलाय का चार? आमी सायबाकडं चाललूं. गाडी नाय आली."

मधुकररावांनी कागद उलगडला. वाडीतली सहा घरं चाळीस वर्षं ज्या जमिनीवर उभी होती, ती जमीन त्या घरांपैकी कोणाच्याच नावावर नव्हती. घराखालची जागा नावावर करून मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला होता, त्याची आज दुपारी तीन वाजता जव्हारला सुनावणी होती. ही तिसरी तारीख. खाली छापलं होतं: 'या तारखेस गैरहजर राहिल्यास अर्जदारांचे काही म्हणणे नाही असे समजून प्रकरण निकाली काढण्यात येईल.'

मधुकरराव ते वाक्य दोनदा वाचत राहिले. ते वाक्य त्यांचं होतं. सोळा वर्षांपूर्वी त्यांनीच ते तयार केलं होतं, साहेबांनी त्यांची पाठ थोपटली होती, आणि तेव्हापासून ते प्रत्येक नोटिशीवर छापलं जात होतं. 'काही म्हणणे नाही असे समजून' हे शब्द त्यांना तेव्हा फार आवडले होते.

"पहिल्या दोन तारखांना का गेला नाहीत?" त्यांनी विचारलं. आवाज कचेरीतलाच निघाला.

"पयल्या येळंला कागुदच उशिरा गावला. दुसऱ्या येळंला आमी भट्टीवर होतूं, इटा पाडाया. भट्टी सोडून कसा येनार? पैसं आधी उचललं होतं." धोंडीबाईने पुलाकडे बोट केलं. "आन् आज येतूं तं ह्यो ट्रक."

"आणि आज नाही पोहोचलात तर?"

"तं सायेब लिवनार, आमचा काय म्हनना नाय," धोंडीबाई म्हणाली. "म्हनना तं लय हाय, दादा."

मागे बसलेला म्हातारा जैतू मोठ्याने हसला. बाकी कोणी हसलं नाही. घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

मधुकररावांनी खिशातून मोबाइल काढला. समृद्धीताईंना विचारायला हवं होतं. रेंज नव्हती. ते ट्रकच्या टपापर्यंत चढले, रेंज नव्हती. दुसऱ्याच्या गाड्या, दुसऱ्याचं पेट्रोल, विश्वासाने सोपवलेलं. अडतीस वर्षांत त्यांनी कोणाची पेन्सिलही न विचारता उचलली नव्हती. ते खाली उतरले, टेम्पोभोवती एक फेरी मारली, आणि लाडक्याला म्हणाले, "फाळका उघड."

"काका?"

"मागच्या तीन गाड्या उतरव. ज्या हाताशी येतील त्या. माझी आत आहे, तिला वेळ लागेल."

पण नियम सोडायला मधुकरराव तयार नव्हते. "लायसन्स कोणाकडे आहे?" त्यांनी आंब्याखाली उभं राहून विचारलं. दोघांचे हात वर झाले. अर्जुनने भिवंडीला चार वर्षं माल पोचवला होता, आणि प्रगती हद्दीपलीकडच्या कंपनीत असताना स्कूटर शिकली होती. मधुकररावांनी दोन्ही लायसन्स हातात घेऊन, तारखा पाहून, परत दिली. तिसरे चालक ते स्वतः. एकामागे एक, ट्रिपल सीट नाही. तीन गाड्या, सहा अर्जदार, तीन चालक आणि त्यांतले दोघे अर्जदारच. त्यांनी बोटांवर हिशेब केला. एक माणूस जास्त होत होता.

"बुधी ऱ्हाईल," धोंडीबाई म्हणाली.

"मी नाय ऱ्हायची," बुधी म्हणाली. ती ठणठणीत, सत्तरीची होती. "माजा घर पयला हाय वाडीत."

"कोणी राहणार नाही," मधुकरराव म्हणाले. "लाडक्या, चौथी उतरव. तुझ्याकडे लायसन्स आहे ना? टेम्पोला काय धाड भरते इथे? ट्रक हलत नाही तोवर कोण नेणार आहे?"

ट्रकचा क्लीनर टेम्पोवर नजर ठेवायला कबूल झाला, मधुकररावांच्या डब्यातल्या चार पोळ्यांवर. मग मधुकररावांनी फाइलीतला कोरा कागद काढून बॉनेटवर ठेवला आणि तेवढ्या घाईतही लिहिलं: 'तातडीच्या कारणास्तव खालील चार वाहने मालकांच्या पूर्वपरवानगीशिवाय वापरण्यात येत आहेत. सर्व जबाबदारी खाली सही करणाराची.' सही केली. तारीख घातली. टाचणी लावली.

"दादा, तीन वाजतील," धोंडीबाई म्हणाली.

डिक्कीतून हेल्मेटं निघाली. ती घालण्यावरून थोडी खळबळ झाली. जैतूने ते उलटं घातलं, आणि रुपीला, जी आतापर्यंत एक शब्दही बोलली नव्हती, ते घातल्यावर इतकं हसू फुटलं की तिला पाणी द्यावं लागलं. मधुकररावांच्या वाट्याला शेवटी उतरलेली नव्हे, तर नेमकी पहिली उतरलेली गाडी आली, कारण बाकीच्या तिघांनी आधीच पकडल्या होत्या. समृद्धीताईंची गुलाबी स्कूटी. हँडलला दोन लोकरी गोंडे लोंबत होते. मागे धोंडीबाई बसली आणि तिने मधुकररावांचा सदरा दोन्ही मुठींत असा धरला, की पहिल्याच वळणावर वरचं बटण उडालं.

ट्रकच्या बाजूने एकेक गाडी धुळीतून पलीकडे निघाली. मग घाट. पुढे अर्जुन आणि जैतू, त्यामागे प्रगती आणि बुधी, मग लाडक्या आणि रुपी, शेवटी मधुकरराव. एरवी ते ताशी तीसच्या वर जात नसत. पेट्रोल वाचतं.

"दादा, हिला ह्याच्यापेक्षा जोर नाय का?" धोंडीबाईने कानात ओरडून विचारलं.

मधुकररावांनी हँडलची मूठ पिळली. गोंडे आडवे झाले. पेट्रोल किती जळतंय हा विचार त्यांच्या मनात एकदाच आला आणि पुढच्या चढावर मागे पडला. त्यांना आठवत होत्या त्या फाइली. किती असतील? वर्षाला चाळीस? 'गैरहजर. निकाली.' लाल शाईत, सुबक अक्षरात. माणूस का आला नाही, हा रकाना त्यांनी नमुन्यात ठेवलाच नव्हता. ठेवायचं सुचलंही नव्हतं.

जव्हारच्या बाजारपेठेतून ही वरात गेली तेव्हा तीनला दोन मिनिटं होती. पराग नेमका दुकानाबाहेर उभा होता. त्याने ऋत्विकची मोटारसायकल ओळखली, तिच्यावरचा अर्जुन मात्र ओळखला नाही. मग दोन स्कूटरी गेल्या. आणि मग गुलाबी स्कूटीवर, बटण तुटलेल्या सदऱ्यात, मागे हेल्मेटवाली बाई घेऊन, ताशी पन्नासने जाणारे मधुकरराव वेखंडे.

"भाऊसाहेब!" पराग ओरडला. "पेट्रोल कुठाय?"

"जळतंय!" मधुकरराव ओरडले आणि वळले.

कचेरीच्या पायऱ्या त्यांनी दोन-दोन करत चढल्या. सुनावणीच्या खोलीबाहेर अवंती बसली होती. मधुकररावांच्या हाताखाली सहा वर्षं काम शिकलेली, आता त्यांच्याच खुर्चीवर. समोर प्रकरणं, हातात लाल पेन. घड्याळात तीन वाजून चार मिनिटं.

"भाऊसाहेब? तुम्ही? बसा ना."

"वाडीच्या घरठाणाचं प्रकरण."

"आत्ताच पुकारा झाला. तीनदा. कोणी नव्हतं." तिने मान खाली घातली. "तुम्हीच शिकवलंत ना, तीन पुकारे झाले की..."

"शेरा लिहिलास?"

"लिहितेय."

"साहेबांची सही?"

"आत पाठवायचंय."

"मग प्रकरण अजून तुझ्या टेबलावर आहे," मधुकरराव म्हणाले. ते दमले होते आणि घामाने भिजले होते. "अवंती, पेन खाली ठेव. ते वाक्य चुकलंय. मी लिहिलेलं. ती माणसं गैरहजर नव्हती, अठरा किलोमीटरवर बसली होती. पुन्हा पुकार."

अवंतीने त्यांच्याकडे पाहिलं. तुटलेल्या बटणाकडे पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं आणि दाराकडे तोंड करून पहिलं नाव पुकारलं, धोंडीबाईचं.

"हजर!" हा शब्द हेल्मेटच्या आतून आला, विहिरीतून यावा तसा. धोंडीबाईला हनुवटीखालचा पट्टा काही केल्या सुटत नव्हता. अर्जुनने ओढला, प्रगतीने खाली बसून चाचपला, जैतूने कोयता शोधायला सांगितलं. साहेब आतून बाहेर आले तेव्हा त्यांच्यासमोर सहा अर्जदार होते आणि एकीला डोकं नव्हतं.

"ओळख पटवायला चेहरा लागेल," साहेब म्हणाले.

"चेहरा आतमंदी हाय सायेब," हेल्मेट म्हणालं. "तवर माजा म्हनना ऐकून घ्या."

आणि तिने सांगायला सुरुवात केली. घर कधी बांधलं, कुडाच्या भिंती किती वेळा सारवल्या, सासू कुठे वारली, पोरगा कुठे जन्मला. पाच मिनिटांनी लाडक्याने पट्टा सोडवला. चेहरा बाहेर आला. पण तोपर्यंत कोणाला तो पाहायची आठवणही राहिली नव्हती, कारण साहेब स्वतः टिपून घेत होते.

निकाल त्या दिवशी लागला नाही. तसा लागत नसतो. जागेचा मोजणी नकाशा जोडलेला नव्हता, तो आणायला सांगून साहेबांनी पुढची तारीख दिली. पण प्रकरण निकाली निघालं नाही. सहा नावांपुढे 'हजर' लागलं. अवंतीने ते निळ्या शाईत लिहिलं.

पुढच्या रविवारी पेट्रोल मंडळाची सभा परागच्या दुकानासमोर भरली. टेम्पो दुसऱ्या दिवशी ट्रक निघाल्यावर लाडक्याने आणला होता, आणि सातही गाड्या घरी होत्या, एका ओरखड्यासह. त्याचा पंचनामा झाला होता. मधुकररावांनी उभं राहून अहवाल वाचला. बचत, टेम्पो, हमाल, एक पी.यू.सी., चार गाड्यांचं जळलेलं पेट्रोल. शेवटच्या ओळीखाली त्यांनी बोट ठेवलं.

"एकंदरीत, प्रत्येक सभासदाला तोटा झाला आहे. तो मी भरून देतो. चार वाहनं न विचारता वापरली, त्याबद्दल मी माफी मागतो."

"भरून कसला देताय?" समृद्धीताई म्हणाल्या. "माझ्या स्कूटीवर बसून ती बाई साहेबांपुढे बोलली ना? मग झालं."

"म्हणजे मी म्हणत होतो तेच," पराग काउंटरवरून म्हणाला. "परवडत नाही."

"नाही परवडत," मधुकरराव म्हणाले. हे कबूल करताना त्यांना जितकं वाईट वाटेल असं वाटलं होतं, तितकं वाटलं नाही. त्यांनी पान उलटलं. "विषय क्रमांक दोन. वाडीच्या सुनावणीची पुढची तारीख सतरा आहे. पुलाचं काम तोवर संपत नाही आणि बसचा भरवसा नाही. सहा माणसं आणायची आणि पोचवायची आहेत. मी माझी गाडी देतोय. आणखी तीन लागतील."

कोणी काही बोलायच्या आत ऋत्विकचा हात वर झाला, मग समृद्धीताईंचा. तिसरा हात येईना. शांताबाई पदराने वारा घेत एकेकाकडे पाहू लागल्या. समोरच्या नळावर कोणाची तरी कळशी भरून वाहत होती.

परागने कोपर काउंटरवरून उचललं. खिशात हात घातला आणि किल्ली मधुकररावांपुढे टाकली.

"टाकी फुल आहे," तो म्हणाला. "इथल्याच पंपावरचं आहे, भाऊसाहेब, महागाचं. जपून न्या."